सहा महिने म्हणाले होते



मागच्या महिन्यात आम्ही एका पाड्यावर बैठकीला गेलो. एवढा मोठा पाडा, पण जमली सात माणसं. बाकीची कुठं म्हणून विचारलं, तर कुणी दिंडोरीकडं द्राक्षाच्या कामाला, कुणी राब भाजायला. ते खरंच होतं. पण एक बाबा समोरच्याच ओट्यावर बसून होते, आम्हाला बघत होते, तरी आले नाहीत. जवळ गेलो तर म्हणाले, "पोरांनो, तुमच्याकडं कागद, साहेबाकडं बी कागद. मी आता कागदाला भ्यालो." त्यांचा दावा नाकारला गेला होता. पुरावा अपुरा, एवढंच लिहून आलं होतं.

आम्ही त्यांच्याशी वाद घातला नाही. कारण त्यांचं म्हणणं खोटं नाही. 6 मार्च 2018 ला आपण नाशिकहून चालत निघालो, 12 तारखेला मुंबईला पोचलो. पायाची सालटी निघाली. सरकारनं लेखी दिलं, वनहक्काचे दावे सहा महिन्यांत निकाली काढू. गावात परत आल्यावर आम्हीच पाड्यापाड्यावर सांगत फिरलो, सहा महिन्यांत पट्टा येणार. ही आमची चूक होती, ती इथं लिहून ठेवतो. वायदा सरकारचा होता, आणि आम्ही तो आपल्या तोंडानं वाटला. सहा महिने गेले, वर्ष गेलं. 2019 ला परत निघालो, परत लेखी मिळालं. मार्च 2023 ला तिसऱ्यांदा निघालो, वासिंदला थांबलो. त्या मोर्चातला एक साथी घरी परत आला नाही.

त्यामुळं "धीर धरा" असं सांगायला हे पान नाही. धीर आपल्याकडं कमी नाही. चार महिने धो धो पाऊस आणि उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी पायपीट, अशा तालुक्यात राहणाऱ्याला धीर कुणी शिकवू नये.

पण घाबरून जाण्याचंही नुकसान आपण बघितलं आहे. 13 फेब्रुवारी 2019 ला सुप्रीम कोर्टानं दावे नाकारलेल्यांना जमिनीवरून काढा असा हुकूम दिला. मोबाईलवर बातमी फिरली, उद्याच पोलीस येणार. 28 फेब्रुवारीला त्याच कोर्टानं हुकूम थांबवला. मधल्या पंधरा दिवसांत एकानं बैलजोडी विकून टाकली. हुकूम थांबला, बैल मात्र गेले ते गेले. कायद्याच्या कलम 4(5) मध्ये लिहिलं आहे, दाव्याची तपासणी पुरी होईपर्यंत कसणाऱ्याला हलवता येत नाही. हे त्याला तेव्हा कुणी सांगितलं नाही. म्हणजे आम्हीच सांगायला पोचलो नाही.

आता बाबांची गोष्ट पुरी करतो. त्यांच्या घरात, कणगीमागं, एका पिशवीत जंगलखात्याच्या दंडाच्या जुन्या पावत्या निघाल्या. पलाट कसतो म्हणून दंड. तारखा 2005 च्या कितीतरी आधीच्या. बाबा लाजले, म्हणाले गुन्ह्याचे कागद आहेत, म्हणून दाव्याला जोडले नाहीत. अहो, हाच तर पुरावा! 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून तुम्ही ती जमीन कसत होता, हे खात्यानंच सही-शिक्क्यानिशी लिहून दिलं आहे.

दुसरी गोष्ट पुष्कळांना ठाऊक नाही. नियम 13 प्रमाणं दोन पुरावे लागतात आणि त्यात दावेदार सोडून गावातल्या दुसऱ्या वडीलधाऱ्या माणसाचा लेखी जबाब चालतो. पाड्यावर तेवढ्या वयाचं माणूस आता बाबांशिवाय उरलेलं नाही. ते ओट्यावरून उठले नाहीत तर त्यांचा एकट्याचा दावा पडत नाही, शेजारच्यांचेही पडतात. हे आम्ही त्यांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले.

उठले ते नाहीतच. आम्हीच वही घेऊन ओट्यावर बसलो. मग बाबा बोलायला लागले. बहात्तरच्या दुष्काळात कोण कुठं नागली पेरत होतं, कुणाचा बांध कुणाच्या आज्यानं घातला, कुठलं मोहाचं झाड कुणाच्या हद्दीत. अंधार पडला तरी थांबेनात. शेजारची बाई बॅटरी धरून उभी राहिली. वहीची नऊ पानं भरली, शेवटी बाबांनी अंगठा दिला आणि विचारलं, "आता माझ्या पावत्या कोण नेणार?"

उपविभागीय समितीनं नाकारलेल्या दाव्यावर जिल्हा समितीकडं अर्ज करायला 60 दिवस असतात. नाकारल्याचं कारण लेखी मिळालं नसेल तर तेही अर्जात लिहायचं. सॅटेलाईटच्या फोटोत शेत दिसत नाही, एवढ्यावर कुणी नाही म्हणत असेल तर ऐकून घेऊ नका. फोटो इतर पुराव्यांना जोड म्हणून आहे, त्यांच्या जागी नाही.

येत्या बाजाराच्या दिवशी पेठला संघटनेच्या जागेवर आम्ही सकाळपासून बसणार आहोत. नाकारल्याचं पत्र, दंडाच्या पावत्या, घरातला असेल नसेल तो जुना कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणा. मूळ कागद कुणाच्याही हातात देऊ नका, आमच्याही नाही. झेरॉक्सचे पैसे संघटना देईल. आणि पाड्यावरचं म्हातारं माणूस चालू शकत नसेल तर नाव कळवा, मिरगाच्या आधी आम्ही वही घेऊन येतो.