इमारत मिळेल, दवाखान्याचे काय?

कमी पटसंख्येच्या शाळा शेजारच्या शाळांत विलीन करण्याचे धोरण राजस्थानने 2014 मध्ये स्वीकारले, उत्तर प्रदेशने 2025 मध्ये. या धोरणाचे गुणदोष हा स्वतंत्र वादाचा विषय आहे. मात्र मागे उरलेल्या इमारतींत आरोग्य केंद्र सुरू करावे, ही सूचना रास्त म्हणावी लागेल. शाळा बहुधा वस्तीला लागून असते. याउलट नव्या उपकेंद्रासाठी जी जागा फुकट मिळते, ती पुष्कळदा गावाबाहेरची. अंधार पडल्यावर तेथे आरोग्य सेविकेने थांबावे आणि कळा सुरू झालेल्या स्त्रीने पोहोचावे, अशी अपेक्षा कागदावरच करता येते.

तथापि, या सूचनेत एक सोयीस्कर गैरसमज दडलेला आहे. आपल्याकडे उणीव भिंतींची आहे, असे ती गृहीत धरते. इमारती कमी आहेत, हे खरेच. म्हणून तर पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळासाठी स्थानिक संस्थांमार्फत आरोग्यावर 70,051 कोटी रुपयांच्या अनुदानाची शिफारस केली आणि त्यात इमारत नसलेल्या उपकेंद्रांचाही विचार केला. पण जेथे इमारती उभ्या आहेत, तेथील चित्र काय आहे? 2021-22 च्या सरकारी आकडेवारीनुसार ग्रामीण सामुदायिक आरोग्य केंद्रांत आवश्यकतेच्या तुलनेत सुमारे 80 टक्के तज्ज्ञ डॉक्टर कमी होते. असे एक केंद्र सपाट प्रदेशात सव्वा लाखाच्या आसपास लोकांसाठी असते.

जुन्या वास्तूत आरोग्यसेवा कशी रुजते, याचे उत्तम उदाहरण छत्तीसगडमध्ये आहे. बिलासपूरजवळच्या गनियारी गावात पाटबंधारे खात्याच्या काही इमारती वापराविना पडून होत्या. दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये शिकलेल्या काही डॉक्टरांनी स्थापन केलेल्या जन स्वास्थ्य सहयोग या संस्थेला त्या मिळाल्या आणि 2000 च्या सुमारास तेथे रुग्णसेवा सुरू झाली. डागडुजी तर झालीच. पण गनियारी नावारूपाला आले ते डागडुजीमुळे नव्हे. डॉक्टर तेथेच राहिले. जंगलातील पाड्यांवरच्या, बेताचे शिक्षण असलेल्या स्त्रियांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून घडवण्यात आले. हिवतापाच्या संशयावरून घेतलेले रक्तनमुने प्रवासी बसने गनियारीच्या प्रयोगशाळेत येत आणि निदानाचा निरोप बसनेच परत जाई. साधने अशी साधी होती, पण त्यांच्यामागे रोजची शिस्त होती आणि ती शिस्त सांभाळणारी माणसे होती.

सरकारी नूतनीकरणात नेमकी हीच बाजू लंगडी पडते. दुरुस्ती हा एकदाच होणारा खर्च. त्याचा फलक लावता येतो, उद्घाटनही करता येते. आरोग्य सेविकेचे वेतन, औषधांचा पुरवठा, लस 2 ते 8 अंश तापमानात ठेवण्यासाठी लागणारी वीज हे खर्च दर महिन्याचे, आणि त्यांची फीत कोणी कापत नाही. त्यात मालकीचा घोळ. इमारत शिक्षण खात्याच्या वा पंचायतीच्या नावावर, वापर आरोग्य खात्याचा. मग पहिल्याच पावसात छत गळू लागले की पत्रव्यवहार सुरू होतो. शाळेची इमारत दवाखान्यासाठी बांधलेली नसते, याचाही विसर पडतो. तपासणीसाठी आडोसा, नळाचे पाणी, स्त्रियांसाठी स्वच्छतागृह, चाकाच्या खुर्चीसाठी उतार एवढे तरी असल्याशिवाय त्या खोलीला केंद्र म्हणणे ही फसवणूकच.

राज्यांनी क्रम उलटा करावा. आधी पदे मंजूर करून भरावीत, औषधांची तरतूद करावी आणि मगच गवंडी बोलवावा. हस्तांतरणाच्या आदेशातच दुरुस्तीची जबाबदारी कोणाची, हे लिहिलेले असावे. ज्या गावासाठी समुदाय आरोग्य अधिकारी आणि आरोग्य सेविका देण्याची राज्याची तयारी नसेल, तेथे ती इमारत अंगणवाडीला द्यावी. उत्तर प्रदेशात तसा विचार झालाही आहे.