मशीनगन आणि तिच्यापुढील मनुष्य

शास्त्राच्या पुस्तकांत शोधकाचें नांव ठळक अक्षरांत छापलेलें असतें. त्या शोधापुढें ज्यांना उभें राहावें लागलें त्यांचीं नांवें तेथें नसतात. पुष्कळ शोधांच्या बाबतींत यानें कांहीं बिघडत नाहीं. परंतु मशीनगनचा इतिहास असा एकांगी शिकविणें आम्हांस योग्य वाटत नाहीं.

अमेरिकेंतील रिचर्ड गॅटलिंग यानें १८६२ सालीं आपल्या बंदुकीचें पेटंट घेतलें. एका आंसाभोंवतीं अनेक नळ्या बसविलेल्या असत. हातानें दांडा फिरविला कीं प्रत्येक नळी क्रमानें भरे, उडे व रिकामी होई. गॅटलिंगनें वैद्यकाची पदवी घेतलेली होती. त्या वेळीं त्याच्या देशांत यादवी युद्ध चालू होतें व गोळीपेक्षां रोगानेंच अधिक शिपाई मरत होते. एकाच्या हातून शंभरांचें काम झालें तर मोठ्या सैन्याची गरज उरणार नाहीं व माणसें वांचतील, असा आपला हेतु होता, असें त्यानें पुढें लिहून ठेविलें आहे.

१८८४ सालीं हायरम मॅक्सिम या मूळच्या अमेरिकन गृहस्थानें लंडनमध्यें हात फिरविण्याचीही जरूर ठेविली नाहीं. बंदूक उडाली कीं मागें धक्का बसतो, हें प्रत्येक शिपायास ठाऊक होतें. मॅक्सिमनें तो वायां जाणारा धक्काच कामास लाविला. त्याच्या जोरानें रिकामें काडतूस बाहेर पडे, नवें आंत येई व पुन्हां बार होई. चाप दाबून धरला कीं मिनिटास सुमारें ६०० गोळ्या सुटत. नळी फार तापूं नये म्हणून तिच्याभोंवतीं पाण्याचें वेष्टण असे. बुद्धीच्या दृष्टीनें पाहतां ही रचना खरोखर कौतुकास्पद आहे.

परंतु गॅटलिंगचा हिशोब चुकला. सैन्यें लहान झालीं नाहींत, तीं वाढलीं. १८९८ सालीं सुदानांत ऑम्डुरमन येथें तोफा, रायफली व मॅक्सिम गन यांपुढें एका दिवसांत सुमारें दहा हजार सुदानी पडले. विजयी सैन्याचे पन्नासही मेले नाहींत. यंत्र दुसऱ्यावर रोखलेलें होतें तोंवर युरोपास त्याचा खरा अर्थ कळला नाहीं. तो १ जुलै १९१६ रोजीं फ्रान्समध्यें सोम नदीच्या परिसरांत कळला. त्या एका दिवसांत ब्रिटिश सैन्याचे १९,००० हून अधिक लोक ठार झाले. आणि समोरच्या जर्मनांजवळ होत्या त्या मशीनगन मॅक्सिमच्याच नमुन्यावरच्या होत्या.

हा इतिहास आपल्यापासून दूरचा नव्हे. आमच्या पेठहून नाशिक रस्त्यानें पुढें गेलें कीं नगर जिल्हा लागतो. त्या जिल्ह्यांतील निमजचे नामदेव जाधव यांनीं ९ एप्रिल १९४५ रोजीं इटलींत सेनिओ नदीवर जखमी सोबत्यांना गोळ्यांच्या वर्षावांतून पैलतीरीं आणलें, आणि हाताला जखम झाली असतांही शत्रूचीं तीन मशीनगनचीं ठाणीं एकट्यानें बंद पाडलीं. कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यांतील यशवंत घाडगे यांनीं १० जुलै १९४४ रोजीं तिबेर नदीच्या खोऱ्यांत असेंच एक ठाणें एकट्यानें जिंकलें व तेथेंच देह ठेविला. दोघेही मराठा पलटणीचे. दोघांसही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडगे एकटे कां धांवले? त्यांच्या तुकडींतील बाकीचे सर्व त्या मशीनगननें आधींच ठार किंवा जखमी केले होते. वीराचा गौरव करतांना आपण हें विसरतों.

कोणी म्हणेल, शास्त्र निर्दोष आहे, दोष वापरणाराचा. आम्हांस हें अर्धेंच खरें वाटतें. गॅटलिंगचा हेतु वाईट नव्हता. पण त्यानें बंदुकीमागच्या मनुष्याचा विचार केला, पुढच्याचा केला नाहीं. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी यंत्रशाळेंत जाईल, कोणी पलटणींत. म्हणून वर्गांत मॅक्सिमच्या युक्तीचा धडा होईल त्याच तासास घाडगे यांच्या तुकडीचाही व्हावा, एवढेंच आमचें मागणें आहे. कोणतेंही यंत्र उत्तम चालतें कीं नाहीं हें पाहणारानें तें कोणाकडे तोंड करून चालणार, हेंही त्याच वेळीं पाहिलें पाहिजे.