त्याचा वकील कोण?

रविवार होता. आमच्या होस्टेलच्या मेसमध्ये रविवारी बिर्याणी असते. म्हणजे मेसवाले काका तिला बिर्याणी म्हणतात, आम्ही पिवळा भात म्हणतो. टीव्हीवर एका भयंकर गुन्ह्याची बातमी चालू होती आणि आरोपीला कोर्टात नेत होते. आमच्या टेबलावरची एक जण म्हणाली, "काहून घेतात गं लोक असल्या केसेस? ह्याचा वकील कोण आहे, बघा जरा." लगेच चार मोबाईल बाहेर आले. दहा मिनिटांत त्या वकिलाचं नाव, फोटो, गाव, आडनावावरून काढलेली जात, आधीचे अशील, सगळं टेबलावर आलं. मग दुसरी म्हणाली, "त्या कसाबला पण अशीच बिर्याणी खाऊ घातली होती." सगळ्या हसल्या.

माझे बाबा भंडाऱ्याच्या कोर्टात फौजदारी वकील आहेत. बहुतेक आरोपींच्या बाजूने उभे राहतात. त्या टेबलावर हे फक्त माझ्या रूममेटला माहीत होतं आणि ती माझ्याकडे बघत होती. मी पाणी प्यायले आणि काहीही बोलले नाही. तेव्हा जे बोलता आलं नाही ते आता लिहिते आहे. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ सगळे संपादक मॅडमच्या हवाली!)

आधी त्या बिर्याणीचं बघू. कसाबने तुरुंगात कधी मटण बिर्याणी मागितली नव्हती आणि त्याला ती दिलीही नव्हती. हे कुठल्या आरोपीच्या वकिलाने सांगितलेलं नाही. खटल्यातले विशेष सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनीच २०१५ मध्ये जाहीरपणे सांगितलं, की कसाबबद्दल सहानुभूतीची लाट तयार होऊ लागली होती, ती मोडायला आपण ती गोष्ट रचली. आपण मात्र अजून ती बिर्याणी खातोच आहोत! गंमत बघा, आरोपीच्या वकिलाची जात आपण दहा मिनिटांत शोधतो. सरकारी वकिलाने पत्रकारांना सांगितलेली गोष्ट खरी होती का, हे शोधायला कोणी मोबाईल काढत नाही. नीतिमत्ता तपासायची तर दोन्ही बाजूंची तपासावी, एवढंच माझं म्हणणं. निकम साहेबांनी मोठमोठे खटले लढवले, आपल्या जिल्ह्यातला खैरलांजीचा खटलाही त्यांनीच चालवला. त्यांच्या कामाबद्दल मला आदर आहे. तरीही ही गोष्ट मला खटकते.

त्याच खटल्यातली दुसरी गोष्ट. कसाबचं वकीलपत्र घ्यायचं नाही असा ठराव मुंबईतल्या एका वकील संघटनेने केला होता. शेवटी न्यायाधीश एम. एल. टहलियानी यांनी ३० मार्च २००९ रोजी ॲड. अंजली वाघमारे यांची नेमणूक केली. नेमणूक कोर्टाची होती, त्या स्वतः धावत गेल्या नव्हत्या. तरी त्यांच्या वरळीच्या घरासमोर जमाव आला, घोषणा झाल्या, दगड पडले. त्यांनी विचार करायला वेळ मागितला आणि मग काम स्वीकारलं. पण १५ एप्रिलला कोर्टानेच त्यांना दूर केलं. कारण काय? तर २६/११ च्याच एका साक्षीदाराच्या नुकसानभरपाईच्या प्रकरणात त्यांचं वकीलपत्र होतं. एकाच घटनेत दोन्हीकडची वकिली चालत नाही.

मित्रांनो, इथे जरा थांबा. बाईंच्या व्यावसायिक नीतीबद्दलचा खरा प्रश्न हा होता. तो विचारला कोर्टाने, कागद बघून. दगड मारणाऱ्यांपैकी कोणीही तो विचारला नाही. त्यांचा प्रश्न एकच होता, "हिने हो म्हटलंच कसं?"

त्यांच्या जागी ॲड. अब्बास काझमी आले. कोर्टाला सहकार्य करत नाहीत या कारणावरून ३० नोव्हेंबर २००९ रोजी कोर्टाने त्यांनाही काढलं आणि ॲड. के. पी. पवार यांनी काम पुढे नेलं. ६ मे २०१० रोजी फाशीची शिक्षा झाली. हायकोर्टात, सुप्रीम कोर्टातही कसाबला वकील दिले गेले. सुप्रीम कोर्टाने २९ ऑगस्ट २०१२ रोजी शिक्षा कायम केली आणि २१ नोव्हेंबरला येरवड्यात ती अमलात आली. 'वकील दिला म्हणजे आरोपी सुटला' असं ज्यांना वाटतं त्यांनी या तारखा परत वाचाव्यात.

आता 'पार्श्वभूमी' या शब्दाकडे येते. वकिलाचा भूतकाळ बघू नये का? बघावा, पण कायद्याने त्यालाही हद्द घातली आहे. ॲडव्होकेट्स ॲक्ट १९६१ च्या कलम २४-अ प्रमाणे नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्याला सनद मिळत नाही, पण सुटकेनंतर दोन वर्षं गेली की ती बंदी संपते. म्हणजे कायदा सुद्धा माणसाला दुसऱ्यांदा उभं राहू देतो.

मुंबईचे ॲड. शाहिद आझमी यांचं उदाहरण बघा. तरुणपणी टाडाखाली अटक, तिहारमध्ये काही वर्षं, तिथेच अभ्यास, बाहेर येऊन वकिली. दहशतवादाच्या खटल्यांतल्या आरोपींची वकिली ते करायचे. त्यांची पार्श्वभूमी काढणं किती सोपं होतं ते सांगायला नको. २६/११ च्या खटल्यात ते फहीम अन्सारीचे वकील होते. फहीमने हल्ल्यासाठी नकाशा काढून दिला आणि तो मेलेल्या अबू इस्माईलच्या खिशात सापडला, असा आरोप होता. पण इस्माईलची पॅन्ट रक्ताने भिजलेली आणि नकाशा मात्र स्वच्छ! ११ फेब्रुवारी २०१० रोजी कुर्ल्याच्या ऑफिसात आझमींना गोळ्या घालून मारलं गेलं. ते ३२ वर्षांचे होते. तीन महिन्यांच्या आत, ३ मे २०१० रोजी, फहीम निर्दोष सुटला. पुढे हायकोर्टाने आणि सुप्रीम कोर्टानेही ते मान्य केलं. आता सांगा, नकाशावर रक्त का नाही, या प्रश्नाला वकिलाच्या भूतकाळाशी काय देणंघेणं? प्रश्न बरोबर आहे की चूक, एवढंच बघायचं असतं.

आपण सिव्हिलवाले काँक्रीटचा क्यूब २८ दिवस पाण्यात ठेवतो आणि मग मशीनमध्ये घालून फुटेपर्यंत दाबतो. मशीन क्यूबचा शत्रू असतं का? तो कमी लोडला फुटला तर आपण मिक्सला दोष देतो, मशीनची जात विचारत नाही. आणि टेस्ट न करता पास केलेल्या काँक्रीटचा पूल कोणाच्या डोक्यावर पडेल ते सांगता येत नाही. उलटतपासणी म्हणजे पुराव्याची क्यूब टेस्टच आहे.

पण हे लिहिणं सोपं आहे, आणि मी भंडाऱ्याची आहे. खैरलांजी आमच्या मोहाडी तालुक्यात. २९ सप्टेंबर २००६ रोजी सुरेखा भोतमांगे, प्रियंका, सुधीर आणि रोशन यांना गावाच्या जमावाने मारलं. तेव्हा मी वर्षाचीही नव्हते. खटला भंडाऱ्यात चालला. बाबा सांगतात, निकालाच्या दिवशी कोर्टाबाहेर खूप गर्दी होती. १५ सप्टेंबर २००८ रोजी अकरापैकी आठ जण दोषी ठरले, तीन सुटले. २४ तारखेला सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप झाली. १४ जुलै २०१० रोजी हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून आठही जणांना २५ वर्षांची कैद दिली. ॲट्रॉसिटी कायदा दोन्ही कोर्टांत लागला नाही. खूप लोकांना ते पटलं नाही. मलाही पटलेलं नाही. एकटे वाचलेले भैयालाल भोतमांगे २०१७ मध्ये गेले, तोपर्यंत ते न्यायच मागत होते.

मग हा राग आरोपींच्या वकिलांवर काढायचा का? मी बाबांना हे रागातच विचारलं होतं. ते म्हणाले, "बेटा, वकील भोक पाडत नाही. असलेलं भोक दाखवतो." सुरुवातीच्या तपासावर आणि पोस्टमॉर्टेमवर तेव्हा किती टीका झाली, ते त्या वेळचे पेपर काढून बघा. पहिल्या दिवसांत जे नीट गोळा झालं नाही, ते नंतर कुठलाही वकील आणू शकत नाही. वकिलाला शिव्या दिल्या की पंचनामा करणारा, नमुने घेणारा, तक्रार वेळेवर न घेणारा, हे सगळे आरामात सुटतात.

याचा अर्थ वकिलाला सगळं माफ असा मुळीच नाही. दिल्लीच्या निर्भया प्रकरणात आरोपींच्या दोन वकिलांनी २०१५ मध्ये एका माहितीपटात मुलींबद्दल जे बोललं, त्यावर बार कौन्सिलने त्यांना कारणे दाखवा नोटीस दिली. बरोबरच केलं! कॅमेऱ्यासमोर मुलींना नावं ठेवून कोणत्या अशिलाचा बचाव होतो? माझ्या मते वकिलाला जरूर विचारावं: दोन्ही बाजूंचे पैसे घेतलेस का? साक्षीदार फोडलास का? खोटा कागद दाखल केलास का? पीडितेची बदनामी केलीस का? यासाठी ॲडव्होकेट्स ॲक्टचं कलम ३५ आहे, तक्रार करता येते, सनद जाऊ शकते. पण 'ही केस का घेतलीस' हा प्रश्न त्या यादीत बसत नाही. संविधानाच्या कलम २२ ने प्रत्येक अटक झालेल्या माणसाला वकील दिला आहे. आरोपीबद्दल स्वतःचं मत काहीही असलं तरी बचाव करावा, असं बार कौन्सिलचे नियमच सांगतात. आणि वकीलपत्र न घेण्याचे ठराव बेकायदेशीर आहेत असं सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१० मध्ये स्पष्ट केलं आहे.

आता घरचं सांगते. मी अकरावीत असताना बाबांना विधी सेवेतून एक केस मिळाली. लहान मुलीवरच्या अत्याचाराची. आरोपीकडे वकिलाला द्यायला पैसे नव्हते. ही बातमी कॉलनीत फिरली. आईला हळदीकुंकवाचं बोलावणं यायचं बंद झालं. मी बाबांशी जवळजवळ महिनाभर धड बोलले नाही. एका रात्री जेवताना विचारलं, "तुम्ही त्या मुलीला प्रश्न विचारणार?"

बाबा म्हणाले, "मी नाही विचारत. पोक्सोत प्रश्न जज साहेबांकडे द्यायचे असतात, ते विचारतात. माझे चार होते. तीन दिले."

"आणि चौथा?"

"चौथ्याने ती रडली असती. केस बदलली नसती."

ते परत जेवायला लागले. त्या माणसाला शिक्षा झाली. बाबांनी आनंद दाखवला नाही की दुःखही नाही. एवढंच म्हणाले, "आता ही शिक्षा वर टिकेल. मी काही सोडलं नव्हतं." कॉलनीतल्या एकानेही त्या चौथ्या प्रश्नाबद्दल कधी विचारलं नाही. पण वकिलाची नीतिमत्ता असते ती तिथे. फोटो आणि आडनाव शोधून ती सापडत नाही.

सगळंच इतकं छान असतं असं मी म्हणणार नाही. एकदा बाजारात वांगी घेताना एक माणूस आला आणि बाबांच्या पाया पडला. बाबांनी त्याला सोडवलं होतं. बाबा हसले नाहीत, "चल, बरं आहे" म्हणून पुढे निघाले. घरी येईपर्यंत गाडीवर दोघेही गप्प होतो. तो खरंच निर्दोष होता का, हे मी अजून विचारलेलं नाही. विचारलं तरी ते सांगणार नाहीत, अशिलाचं बोलणं वकिलाने बाहेर न्यायचं नसतं. हे मला नेहमी टोचत राहणार, आणि बहुतेक बाबांनाही टोचतं.

तरीसुद्धा उद्या आपल्याच होस्टेलमध्ये कोणाचा मोबाईल गेला, आणि सगळ्या विंगने ठरवलं की हिनेच घेतला, तर त्या मुलीच्या बाजूने एक तरी जण उभी राहून विचारेल का, "कोणी बघितलं? कधी बघितलं?" आणि जी उभी राहील, तिला आपण काय म्हणू? चोराची मैत्रीण?

असो. पुढच्या रविवारी परत पिवळा भात असेल, बातम्या असतील. कोणी विचारलं "ह्याचा वकील कोण?" तर या वेळी मी पाणी पिणार नाही. सांगेन, "माझ्या बाबांसारखा कोणीतरी असेल. त्याने काय केलं ते बघू आणि मग बोलू."

(तृतीय वर्ष, सिव्हिल)