दार उघडेच आहे, म्हणे!

‘नांदायचे नसेल तर जाऊ दे तिला, दार उघडेच आहे.’ समुपदेशन केंद्रात नवऱ्याकडच्या मंडळींकडून हे आपण कितीदा ऐकतो! घर तिच्या नावावर नाही, दागिने सासूच्या कपाटात, माहेरी भावाने हात वर केलेले. तरीही ती राहिली की ‘स्वतःच्या मर्जीने राहिली’. बड्या सॉफ्टवेअर कंपन्याही हेच बोलतात. ‘आमचे नको तर दुसरे वापरा, अडवले कोणी?’

अडवले, आणि ते न्यायालयात सिद्धही झाले. मायक्रोसॉफ्टने अनेक संगणक उत्पादकांशी असे करार केले होते की, यंत्रात तिची प्रणाली घाला अथवा घालू नका, प्रत्येक यंत्रामागे पैसे तिला द्यायचेच. मग दुसऱ्याची प्रणाली घेऊन दुप्पट खर्च कोण करणार? १९९४ मध्ये अमेरिकन सरकारशी तडजोड झाली, तेव्हा कंपनीने हे थांबवायचे मान्य केले. पुढे इंटरनेट पाहण्यासाठी लोक नेटस्केप वापरू लागले. मायक्रोसॉफ्टने स्वतःचा इंटरनेट एक्सप्लोरर फुकट दिला, विंडोजला जोडून टाकला आणि त्याचे चिन्ह पडद्यावरून काढायचे नाही, अशी अट उत्पादकांवर घातली. १९९८ मध्ये सरकार आणि अनेक राज्ये न्यायालयात गेली. २००० मध्ये कंपनीचे दोन तुकडे करण्याचा आदेश निघाला. २००१ मध्ये अपील न्यायालयाने तो रद्द केला, पण मक्तेदारी बेकायदा मार्गांनी टिकवली, हा निष्कर्ष कायम ठेवला. नेटस्केप मात्र १९९९ मध्येच विकली गेली होती. उशिरा आलेल्या निकालाची किंमत पोटगीसाठी तारखा मोजणाऱ्या बायकांना वेगळी सांगायला नको.

हे अमेरिकेपुरते नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. फोन उत्पादकाला प्ले स्टोअर हवे असेल, तर गुगलची बाकीची ॲपही आधीच घालायची, ठळक जागी ठेवायची, आणि ग्राहकाला ती काढून टाकता येणार नाहीत, अशी ती व्यवस्था होती. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने आयोगाचे काही निर्देश रद्द केले, दंड मात्र कायम ठेवला.

‘पण आपल्याला फुकट मिळते ना?’ असे माझ्या सहकारी मैत्रिणी विचारतात. सोय होते हे खरे, मीही ती वापरते. पण प्रतिस्पर्धी उंबऱ्याबाहेरच अडवला गेला की उद्या भाव वाढवला, अटी बदलल्या, तर जायचे कुठे?

आमच्या केंद्राने हे अनुभवले आहे. अनेक वर्षांच्या केसच्या नोंदी एकाच सॉफ्टवेअरमध्ये होत्या. वर्गणी परवडेना म्हणून दुसरीकडे हलवायला गेलो, तर अर्ध्या नोंदी धड उघडेनात. शेवटी पैसे भरले आणि राहिलो, ‘मर्जीने’!

म्हणून मैत्रिणींनो, संस्थेसाठी काहीही घेताना, फुकट असले तरी, आधी विचारा: आमच्या नोंदी उद्या दुसरीकडे उघडतील का? बाहेर पडताना सगळे सोबत नेता येईल का? लिब्रेऑफिससारखी खुली साधने निदान एका संगणकावर वापरून पाहा. देणगीदार अमुकच कंपनीचे सॉफ्टवेअर हवे म्हणाला, तर कारण विचारा. त्या नोंदींत बायकांनी विश्वासाने सांगितलेली आयुष्ये आहेत. त्यांची किल्ली आपल्याच हाती हवी.