अपूर्णांक तिरक्या रेघेत लिहू नका

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, आधी माझीच चूक सांगतो. सातवीच्या घटक चाचणीत मी एक उदाहरण टाइप केलं होतं: ३ + ५/८. माझ्या मनात अंश ३ + ५ आणि छेद ८, म्हणजे उत्तर १. निम्म्या वर्गाने ‘३ पूर्णांक ५ छेद ८’ लिहिलं आणि मी फुल्या मारून मोकळा झालो. पेपर वाटल्यावर एका मुलीने विचारलं, “सर, यात कंस कुठाय?” कंस नव्हताच. छापल्याप्रमाणे तिचंच उत्तर बरोबर होतं. गुण परत दिले, पण तिने विचारलं नसतं तर?

त्यानंतर मी लाटेक शिकलो. डोनाल्ड कनुथ या गणितज्ञाला आपल्या पुस्तकाची छपाई पसंत पडेना, म्हणून त्याने १९७८ मध्ये टेक ही प्रणाली तयार केली. लाटेक तिच्यावरच उभं आहे आणि ते फुकट मिळतं. वर्डमध्येही समीकरणाची सोय आहे, मान्य. पण खरं सांगा, घाईत आपण तिथे तिरकी रेघच मारतो ना?

लाटेकमध्ये उलटी तिरकी रेघ, मग एफ, आर, ए, सी ही अक्षरं, मग एका महिरपी कंसात अंश आणि दुसऱ्यात छेद. पुढेमागे डॉलरचं चिन्ह. बस. अंश कुठे संपतो हे ठरवल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. आपण मुलांकडून हेच तर मागतो! वाक्याच्या ओळीत मात्र हा अपूर्णांक बारीक छापला जातो. पाचवी-सहावीच्या मुलांसाठी एएमएसमॅथ हे पॅकेज घ्या आणि आज्ञेत एफच्या आधी डी जोडा. ओळींमधलं अंतर थोडं कमीजास्त होईल, होऊ द्या.

शेकडेवारीत मी चांगलाच आपटलो. उदाहरण होतं, ‘छापील किंमत ८०० रुपये, १५% सूट, तर विक्री किंमत किती?’ छापून आलं, ‘छापील किंमत ८०० रुपये, १५’. पुढचं सगळं गायब! लाटेकच्या लेखी टक्क्याचं चिन्ह म्हणजे ‘इथून ओळीच्या शेवटापर्यंत माझी खासगी टीप, छापू नकोस.’ त्याच्याआधी उलटी तिरकी रेघ दिली की चिन्ह नीट छापलं जातं. गंमत म्हणजे संगणक तक्रारही करत नाही. हेच चिन्ह अपूर्णांकाच्या महिरपी कंसात तसंच राहिलं तर बंद करणारा कंसही गिळला जातो आणि मग मात्र तो अडून बसतो. मला विचाराल तर अडलेलं बरं, गुपचूप गिळलेलं वाईट. म्हणून छापण्याआधी पीडीएफ एकदा मोठ्याने वाचा.

मराठी मजकुरासाठी झीलाटेक निवडा आणि देवनागरी युनिकोड फॉन्टचं नाव द्या, नाहीतर पानावर नुसती रिकामी जागा दिसेल. पहिल्याच दिवशी अख्खी प्रश्नपत्रिका करायला जाऊ नका. ‘४८० पैकी ४०८ गुण, तर शेकडा किती?’ एवढं एकच उदाहरण करा: अपूर्णांक, शेजारी गुणिले १००, उत्तर ८५%. अर्धा तास जाईल, माझा तर दीड तास गेला होता.

आणि पालकहो, मुलाच्या पेपरात ३ + ५/८ असं काही दिसलं, तर त्याला रागावण्याआधी आम्हाला विचारा, कंस कुठाय?