ताटावर भाषण नको!

भीमजयंती जवळ आली की आमच्या वस्त्यांतून एकांकिकांचे विषय निघतात. परभणी जिल्ह्यातील तरुण मंडळांना आमचे सांगणे आहे की, नवे काही शोधण्याआधी बाबुराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा हाती घ्या. १९६३ सालच्या संग्रहातील ही कथा पूर्णेत तर व्हायलाच हवी. पूर्णा हे रेल्वेचे जंक्शन आणि कथेचा नायक रेल्वेचा नोकर. परक्या गावी खोली शोधताना आधी जात विचारली जाते, हे पूर्णेच्या प्रेक्षकाला समजावून सांगावे लागणार नाही.

पण नाट्यरूपांतर करणाऱ्यांनी एक पथ्य पाळावे. गुजरातेतील उधन्याला रामचरण तिवारी या तरुणाच्या कवितेवर भाळतो, त्याला घरी जेवायला बोलावतो. मान मिळतो, ताट वाढले जाते. कथेत त्याची भीती शब्दांत सांगता येते. रंगमंचावर ती कशी दाखवणार? आमच्या लेखकांची सवय अशी की, इथे नायकाला उभे करून मनुवादावर दहा मिनिटे बोलायला लावायचे. टाळ्या पडतात, पण प्रसंग मरतो! जात चोरलेला माणूस बोलेल कसा? तो गप्पच राहील, घास तोंडातच फिरेल. ताटात पुठ्ठ्याच्या पुऱ्या नकोत, खरे गरम अन्न हवे. नटाने ते प्रेक्षकांसमोर खाल्ले पाहिजे. प्रेमानंद गज्वींच्या 'घोटभर पाणी'ने पाण्यासारख्या साध्या वस्तूवर आख्खी एकांकिका उभी केली, हे विसरू नये.

वाढणाऱ्या बाईलाही खलनायिका करू नका. ती मनापासून वाढते, म्हणूनच पुढचा मार जास्त लागतो. 'जातिनिर्मूलन' या १९३६ च्या पुस्तकात बाबासाहेबांनी बजावले होते की, सहभोजनाने जात मरत नाही. बागुलांच्या कथेत सहभोजन तर होते, पण ते चोरलेल्या नावावर! आजही शहरात खोलीसाठी आडनाव लपवणारी आपली मुले आहेतच. त्यांना तो घास बरोबर कळेल.

शेवटी काशिनाथ त्याला सोडवायला धावून येतो. त्या प्रवेशाला टाळ्या मिळणारच. मारामारी लांबवून त्या वाढवू नयेत, आणि तालमीचा वेळ जेवणाच्या प्रवेशाला द्यावा.