स्फटिकांतील पाणी व घरातील मीठ

प्रयोगवहीत ‘कॅल्शियम आयोडेट, सहा रेणू स्फटिकजल’ असे सुवाच्य अक्षरात लिहून आणणाऱ्या विद्यार्थ्यास, हे पाणी आहे तरी कोठे, असे विचारल्यास तो बहुधा सूत्रातील टिंबाकडे बोट दाखवितो. ते पाणी त्याने तराजूत कधी तोललेले नसते. इकडे पालकही पुसतात की, असल्या अपरिचित क्षारांचा मुलांस उपयोग तो काय? आमचे मत असे की, हा प्रयोग वहीत उतरून घेण्याचा नव्हे, तर हातांनी करण्याचा आहे. आणि त्याचे कारण प्रत्येकाच्या घरी मिठाच्या बरणीत आहे.

कृती अवघड नाही. सुमारे ४.३ ग्रॅम पोटॅशियम आयोडेट १०० घनसेंटिमीटर कोमट पाण्यात विरघळवावे. द्राव निवल्यावर त्यात दीड ग्रॅम जलयुक्त कॅल्शियम क्लोराइडचा द्राव ढवळीत ढवळीत ओतावा. पांढरा साका तळाशी बसू लागतो. तो गाळून, अगदी थोड्या थंड पाण्याने धुऊन (हा क्षार पाण्यात किंचित विरघळतो, म्हणून येथे हात आखडता घ्यावा), गाळणकागदावर सावलीत वाळवावा. आयोडेट हा प्राणवायू देणारा पदार्थ असल्याने कोळसा वा गंधक यांच्याशी त्याची संगत घडू देऊ नये; अर्थात हे सर्व शिक्षकांच्या देखरेखीखालीच व्हावे.

हाताला कोरड्या लागणाऱ्या या स्फटिकांच्या १०० भागांत जवळजवळ २२ भाग पाणी असते! परंतु ते सर्व ऋतूंत सारखे राहत नाही. सहा रेणू जल धारण करणारे रूप सुमारे ३५ अंशांखालीच टिकाऊ असते. त्यावर एकच रेणू धारण करणारे रूप टिकते, व त्यात पाणी शेकडा साडेचारांहूनही कमी. आमच्या वाशिमास मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो. तेव्हा जानेवारीतील साका आणि उन्हाळ्यातील साका एकच समजून चालणे बरोबर नाही. हा प्रयोग वर्षातून दोनदा व्हावा, व प्रत्येक वेळी तपमानाची नोंद वहीत असावी, असा आमचा आग्रह आहे. पुस्तकातील आकडा वहीत आयता भरणाऱ्यास गुण देऊ नयेत.

आता मिठाकडे वळू. जलयुक्त क्षार निर्जल समजून कोणी मिठात तोलून घातला, तर आयोडीन पाचव्या हिश्श्याहून अधिक उणे पडेल. आपल्या देशात मिठासाठी पोटॅशियम आयोडेट योजितात. त्यात स्फटिकजल नाही, म्हणून वजन फसवीत नाही. आणि दमट हवेत ते पोटॅशियम आयोडाइडपेक्षा पुष्कळ अधिक टिकते. कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात आयोडीनयुक्त मिठाने गलगंडाचे प्रमाण स्पष्टपणे उतरलेले दिसले, व १९६२ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. गलगंड निदान डोळ्यांस दिसतो; गर्भावस्थेत आयोडीन न मिळाल्याने बालकाच्या बुद्धीची जी हानी होते, ती दिसत नाही आणि पुढे भरूनही येत नाही. दुकानातील मिठाच्या दहा लाख भागांत निदान १५ भाग आयोडीन असावे असा नियम आहे. म्हणजे किलोभर मिठात केवळ १५ मिलिग्रॅम. एवढ्याशा मात्रेत तोलाची चूक परवडावी कशी?

म्हणून दुसरा प्रयोग. प्रत्येक मुलाने घरच्या मिठाची पुडी आणावी. मीठ भाताच्या निवळ पेजेत विरघळवून त्यात पोटॅशियम आयोडाइडचे कणभर स्फटिक व सौम्य आम्लाचे दोन थेंब घालावेत. आयोडेट असल्यास पेज निळी होते. जी पेज पांढरीच राहील, त्या पुडीवर मीठ खड्यांचे होते की दळलेले, कोठून आणले, आणि बरणी उघडी चुलीशेजारी असते काय, हे मुलाने लिहावे, व तो कागद त्याच दिवशी घरी नेऊन आईला दाखवावा.